कुंडीतली तुळस आणि थाई शेजार (अनुभव धागा)

ऑन नुतची जुनी रहिवासी

गेल्या आठवड्यात पुण्याच्या मंडईत हार घेताना हारवालीने तुळशीची जुडी माझ्या पिशवीत कोंबली. पाने जरा चुरगळली आणि त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटले. देवाला वाहायच्या तुळशीने तोंडाला पाणी सुटावे, ही गोष्ट सासूबाईंना सांगण्यासारखी नाही, म्हणून इथे लिहीत आहे. बँकॉकमध्ये राहिलेल्यांना कारण सांगावे लागणार नाही. थाई लोक ज्याला 'कफ्राव' म्हणतात ती वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपली तुळसच आहे, आणि लसूण-मिरचीच्या ठेच्यावर खिमा परतून त्यात तिची पाने मुठीने टाकणे हे तिथले रोजचे दुपारचे जेवण आहे.

आम्ही 2012 साली तिथे राहायला गेलो, तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. बाजारात एका टोपलीत तुळशीचे रोप दिसले, म्हणून मी ते हरखून घेतले, आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत कुंडीत लावले आणि संध्याकाळी दिवाही लावू लागले. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा साफसफाईला येणाऱ्या बाईंना मी 'पा' म्हणत असे, कारण आईवडिलांपेक्षा वयाने मोठ्या बाईला तिथे तसेच म्हणतात. पा दर खेपेला त्या झाडाकडे पाहायच्या, मंजिऱ्या आलेल्या पाहायच्या, आणि काही न बोलता फरशी पुसायला लागायच्या. सात महिन्यांनी मी दोन आठवड्यांसाठी नाशिकला आले आणि किल्ली त्यांच्याकडे ठेवली. परत गेले तेव्हा झाड निम्मे छाटलेले होते आणि फ्रीजमध्ये झाकून ठेवलेल्या वाडग्यात टोफू घालून केलेले कफ्राव होते, कारण मी मांस खात नाही हे त्यांना माहीत होते.

एवढी चांगली पाने जून होऊन वाया चालली आहेत, हे त्या सात महिने पाहत होत्या, पण 'क्रेंग चाय' वाटल्यामुळे बोलल्या नव्हत्या. या शब्दाचा अर्थ मला इंग्रजी पुस्तकांतून कधी नीट कळला नव्हता. त्या दिवशी मात्र लख्ख कळले की याला आपण 'भीड' म्हणतो. ते झाड आमचे दैवत आहे, हे त्यांना सांगण्याची मलाही भीड पडली आणि मी तो वाडगा उभ्या उभ्या संपवला. त्यात नाम प्ला, म्हणजे माशाचे खारवलेले पाणी, घातले होते की नाही, हे मी विचारले नाही.

थाई माणसांत राहून आलेल्यांनी किंवा अजून राहणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहावेत. कागदपत्रे, स्वयंपाक, भाषा, शेजार, काहीही चालेल.

रायोंगचा अभियंता

भिडेवरून माझी फजिती आठवली. आमच्या कारखान्यात मला थाई भाषा शिकवली ती हिशेब विभागातल्या मुलींनी. तिथे वाक्याच्या शेवटी आदरासाठी पुरुष 'ख्रप' म्हणतात आणि बायका 'खा' म्हणतात. माझ्या शिक्षिका 'खा' म्हणत असल्यामुळे मीही तीन महिने दीडशे कामगारांसमोर, जाड मिशांसह, प्रत्येक वाक्याला 'खा' जोडत राहिलो. एकानेही मला टोकले नाही. शेवटी फाटकावरच्या वयस्कर पहारेकऱ्याने बाजूला घेऊन, माझ्याकडे न पाहता, सांगितले.

कामाच्या दृष्टीने याचा दुसरा धडा महाग पडला. वरिष्ठाने विचारलेल्या प्रश्नाला 'ख्रप' असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ 'ऐकले' एवढाच असू शकतो. 'पटले' किंवा 'होईल' असा तो असेलच असे नाही. शुक्रवारी यंत्र सुरू होईल ना, असे मी विचारले, सगळे 'ख्रप' म्हणाले आणि शुक्रवारी यंत्राचे भाग जमिनीवर पसरलेले होते. त्यानंतर मी प्रश्न बदलला. 'होईल ना' असे विचारण्याऐवजी 'कोणता भाग अजून आलेला नाही' असे विचारले की खरे उत्तर मिळते, कारण तेव्हा कोणालाच 'नाही' म्हणावे लागत नाही.

दादरहून बँकॉक

आमच्या आई पहिल्यांदा आल्या तेव्हा विमानतळापासून घरापर्यंत भेटलेली प्रत्येक मुलगी हात जोडून त्यांना 'सवदी खा' म्हणाली. घरी पोहोचल्यावर त्या म्हणाल्या की माणसे फार अगत्याची आहेत, जो तो खा म्हणतो, पण ताट कोणीच पुढे करत नाही.

नोंथाबुरीची गृहिणी

हसून झाले असेल तर थोडे कागदपत्रांबद्दल लिहिते, कारण नव्याने येणाऱ्या मुली इथेच अडकतात. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे, अवलंबित म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर आले. वर्षभराची मुदतवाढ मिळाली की आता वर्षभर निर्धास्त, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात दर 90 दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो आणि विसरल्यास 2,000 बाट दंड होतो. परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकानेही चोवीस तासांत तसे कळवायचे असते. आमच्या घरमालकांना हे माहीतच नव्हते आणि त्यांच्या त्या कागदावाचून खिडकीवरची बाई माझा अर्ज पुढे सरकवेना.

मोठा फटका बसला तो री-एन्ट्री परमिटचा. देशाबाहेर जाण्यापूर्वी हा परवाना घेतला नाही, तर बाहेर पाऊल टाकताच उरलेली मुदत संपते. वडिलांना अचानक रुग्णालयात दाखल केले आणि मी रात्रीच्या विमानाने निघाले. बाहेर पडण्याचा शिक्का उमटला आणि माझे आठ महिने त्याबरोबर गेले. वडील बरे झाले, मी परतले आणि सगळी कागदपत्रे पहिल्यापासून केली. एका फेरीसाठी 1,000 आणि अनेक फेऱ्यांसाठी 3,800 बाट लागतात, आणि सुवर्णभूमी विमानतळावरही तो परवाना देणारी खिडकी आहे, हे मला नंतर समजले. आता मी मुदतवाढ मिळाली की त्याच दिवशी अनेक फेऱ्यांचा परवाना घेऊन टाकते, मग जायचे असो वा नसो.

आणखी एक गोष्ट म्हणजे या व्हिसावर काम करता येत नाही, आणि 'काम' या शब्दाचा अर्थ तिथे फार व्यापक आहे. शेजारच्या शाळेत विनामोबदला योग शिकवायला मी आनंदाने हो म्हटले होते. त्यालाही कामाचा परवाना लागतो, असे कळल्यावर मला नाही म्हणावे लागले. एम.एस्सी. झालेल्या बाईने चार वर्षे घरी बसणे म्हणजे काय, ते ज्या बसल्या आहेत त्यांनाच ठाऊक.

दादरहून बँकॉक

नोंथाबुरीताई, शेवटचे वाक्य वाचून माझी बायको शेजारी गप्प बसली आहे. 90 दिवसांची नोंद आता घरबसल्या करता येते, मात्र पहिल्या वेळी प्रत्यक्ष जावे लागते.

चातुर्मास पाळणारी

जेवणाबद्दल कोणीतरी लिहील म्हणून वाट पाहत होते. शाकाहारी माणसाने 'मी मांस खात नाही' असे सांगून उपयोग होत नाही, कारण माशाचे पाणी, कालवांचा रस्सा आणि सुकी कोळंबी यांना तिथे मांस म्हणत नाहीत, मीठमसाल्यात धरतात. 'जे' हा एक शब्द शिकावा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसला की बिनधास्त बसावे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध यांतले काहीच नसते आणि कांदा-लसूणही नसतो. माझ्या आजेसासूबाई हे ऐकून म्हणाल्या की मग हे लोक आपल्यापेक्षा सोवळे आहेत.

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस सगळीकडे 'जे' पाळतात आणि हे दिवस बहुधा आपल्या नवरात्राशी जुळतात. त्याच सुमारास सिलोम रस्त्यावरच्या मारिअम्मन देवीच्या देवळात नवरात्र असते, दसऱ्याच्या रात्री मिरवणुकीसाठी रस्ता बंद होतो आणि दुतर्फा झेंडूने सजवलेली पूजेची मेजे घेऊन बसलेली बहुतेक माणसे थाई असतात. पहिल्या वर्षी मी घरी घट बसवला होता, खाली गल्लीत पिवळ्या पताका लागल्या होत्या आणि परदेशात सणाला एकटे पडल्याचे जे दुःख मी मनात तयार ठेवले होते, ते वापरायची वेळच आली नाही.

आमटीत गुळाऐवजी ताडगूळ छान लागतो. पोहे, तूरडाळ, हिंग यांसाठी फाहुरत, म्हणजे बँकॉकमधली भारतीय दुकानांची पेठ, गाठावे.

रंगसितचा माजी विद्यार्थी

मी 2011 साली बँकॉकच्या उत्तरेला एआयटीमध्ये, म्हणजे एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, शिकत होतो. मुंबईकर असल्यामुळे पुराची मला फुशारकी होती, कारण 26 जुलै 2005 मी कुर्ल्यात काढला होता. पण आमचा पूर एका दुपारी आला आणि हा पूर उत्तरेकडून रांगत आला. आज अयुत्थया, आणखी काही दिवसांनी आमचा पथुम थानी, असे रोज नकाशावर पाणी पुढे सरकताना दिसत होते आणि त्याला थांबवता येत नव्हते. दुकानांतून पाण्याच्या बाटल्या नाहीशा झाल्या, दारांपुढे वाळूच्या पोत्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि लोकांनी आपल्या गाड्या नेऊन उड्डाणपुलांवर लावल्या. ऑक्टोबरमध्ये आमचे सगळे आवार पाण्याखाली गेले आणि आम्हाला हलवण्यात आले. महिन्याच्या अखेरीस डॉन मुआंग विमानतळही बंद झाला.

बसमधून जाताना मी पाहिले की वसतिगृहाबाहेर शेवया विकणाऱ्या बाईंनी आपली गाडी त्या उड्डाणपुलावर, रांगेने लावलेल्या मोटारींच्या शेजारी, नेऊन उभी केली होती आणि तिथे गिऱ्हाईक होते. मला ओळखून त्यांनी झारा हलवला. माझे सामान, प्रबंधाच्या टिपणांसह, तळमजल्यावर होते. ते गेले. पण पुराची आठवण काढली की मला आधी तो झारा दिसतो.

लिपीवेडा

भाषेबद्दल वर आले आहे, म्हणून थोडी भर घालतो. थाई वर्णमाला क-ख-ग या आपल्याच क्रमाने जाते, त्यामुळे पाट्या वाचायला शिकणे मराठी माणसाला तुलनेने सोपे जाते. लिहिताना ते संस्कृत रूप जपतात आणि बोलताना निम्मे गिळतात. दूरदर्शन 'थोरथात' होतो, दूरशब्द 'थोरसाप' होऊन टेलिफोन होतो, नवऱ्याला 'सामी' म्हणतात, म्हणजे स्वामी, आणि 'महाविद्यालय' म्हणजे विद्यापीठ. उच्चार मात्र जीव घेतात. 'क्लाय' हा शब्द एका सुरात 'जवळ' आणि दुसऱ्या सुरात 'दूर' असतो. जवळच आहे असे ऐकून मी भर उन्हात पाऊण तास चाललो आहे.

तारखांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. तिथे बुद्धशक चालतो, तो आपल्या इसवी सनापेक्षा 543 वर्षांनी पुढे असतो. 2018 साली आमच्या घरातल्या खोकल्याच्या औषधावर मुदत '61' अशी छापलेली होती. आम्ही ती 2061 समजलो आणि थाई औषधे किती टिकाऊ असतात, याचे कौतुक करत बाटली संपवली. ती 2561 होती, म्हणजे तेच साल, आणि महिना उलटून गेलेला होता.

स्पष्ट बोलणारा

सगळेच गोड लिहीत आहेत, म्हणून थोडे कडू लिहितो. भारतीयांना तिथे 'खेक' म्हणतात, ज्याचा मूळ अर्थ पाहुणा असा आहे. वीस वर्षे राहिले तरी माणूस पाहुणाच राहतो. फोडणीचा वास भिंतींना लागतो, म्हणून दोन घरमालकांनी आम्हाला हसतमुखाने, हात जोडून, घर नाकारले. तिसऱ्याने दिले, पण सोडताना दोन महिन्यांची अनामत रक्कम भिंती रंगवण्याच्या नावाखाली ठेवून घेतली. कोणीही आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर मला भांडता तरी आले असते. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही आणि इमारतीतल्या सदनिकाही एकूण क्षेत्रफळाच्या 49 टक्क्यांपर्यंतच परदेश्यांना घेता येतात, त्यामुळे भाड्याने राहणाऱ्यांनी घर ताब्यात घेतानाच प्रत्येक भिंतीचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवावे.

रायोंगचा अभियंता

छायाचित्रांच्या सल्ल्याला अनुमोदन. वीजही घरमालकाच्या दराने आहे की सरकारी दराने, हे करारात पाहून घ्यावे. आमच्या पहिल्या घरात त्या फरकात एक माणूस जेवला असता.

सहाव्या मजल्यावरचा गणपती

थाई लोक गणपतीला 'फ्रा फिकनेत' म्हणतात आणि तो त्यांच्याकडे कलांचा देव आहे. तिथल्या सरकारी ललित कला विभागाच्या चिन्हावरही तोच आहे. आम्ही दीड दिवसाचा गणपती आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पहारेकऱ्याने येऊन, चपला बाहेर काढून, मोदकांच्या ताटाशेजारी लाल सरबताची बाटली ठेवली आणि तिला स्ट्रॉही लावली, कारण देवाला प्यायला सोपे पडावे अशी त्यांची रीत आहे. त्या वर्षीपासून आमच्या नैवेद्यात लाल सरबत असते.

नोंथाबुरीची गृहिणी

धागाकर्त्या ताई, परत येताना त्या तुळशीचे काय केलेत?

ऑन नुतची जुनी रहिवासी

कुंडीसकट पांना दिली. एव्हाना त्यांना दिव्याचे कारण कळले होते. माझ्या मुलीनेच ते सांगून टाकले होते. मध्यंतरी त्यांच्या नातीने झाडाचे छायाचित्र पाठवले, ते कमरेएवढे झाले आहे आणि मंजिऱ्यांनी लगडले आहे. त्यातले एकही पान कोणाला खुडू देत नाहीत, कफ्रावची जुडी बाजारातून विकत आणतात, अशी नातीची तक्रार आहे.

नोंथाबुरीची गृहिणी

कुकरची शिट्टी झाली, उरलेले रात्री वाचते. फाहुरतला खड्याचा हिंग मिळतो की फक्त डबीतला, हे चातुर्मासवाल्या ताईंनी कृपया सांगावे.