दहा हजार वेळा चाललेला ब्रेकर दीड वर्षानंतर एकदा चालेल का?

टेस्टिंगवाला: ब्रेकर म्हणजे फॉल्ट आला की वीज तोडणारा मोठा स्विच. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्था) 62271-100 मानकात त्याची यांत्रिक टिकाऊपणाची चाचणी असते. एम1 वर्गाला 2,000 वेळा चालू-बंद, एम2 ला 10,000 वेळा. टेंडरमध्ये एम2 दिसलं की सगळे निर्धास्त. पण आमचा ब्रेकर चालतच नाही, नुसता उभा असतो!

एका 220 केव्ही उपकेंद्रात फीडरचा (बाहेर जाणाऱ्या लाइनचा) एसएफ6 (आर्क विझवणारा वायू) ब्रेकर दीड वर्ष चार्ज होता, म्हणजे विजेखाली उभा; एकदाही ट्रिप, म्हणजे उघडणं, नाही. शटडाऊनसाठी उघडतानाच ट्रिप कॉइलच्या (ब्रेकर उघडायला लावणाऱ्या विद्युतचुंबकाच्या) वायरला करंट मोजणारा क्लॅम्प लावून ठेवला. पहिल्या ट्रिपला ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (ब्रेकर उघडल्याची खूण देणारा छोटा संपर्क) 58 मिलीसेकंदांनी सुटला, दुसऱ्याला 34. लॅचवरचं (यंत्रणा अडकवून ठेवणाऱ्या खिट्टीवरचं) ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं, नखाने खरवडून निघालं. उघडायचा वेळ मोजणारं टायमिंग किट जोडेपर्यंत ब्रेकर दोनदा हललेला असतो, म्हणून रिपोर्ट दरवेळी छान येतो. विश्वासार्हता मोजायची तर हा पहिला ट्रिप मोजा.

लॅबमधली: राग समजतो, पण तो मानकावर काढू नका. टाइप टेस्ट, म्हणजे नमुन्याच्या ब्रेकरची लॅबमधली चाचणी, डिझाइनची असते. 40 केए (40 हजार अँपिअर) फॉल्ट, उघड, 0.3 सेकंदांत बंद-उघड, 3 मिनिटांनी पुन्हा बंद-उघड, हे कुठल्या उपकेंद्रात करून बघणार? त्यासाठीच बेंगळुरू, भोपाळला सीपीआरआयच्या (केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेच्या) लॅब आहेत. कमी तापमानाच्या चाचणीत ब्रेकर तासन्तास थंडीत ठेवून मगच चालवतात. वाळलेलं ग्रीस हा देखभालीचा दोष आहे. दीड वर्ष उभं ठेवायची चाचणी घातली, तर एसएफ6 ला पर्याय असलेले नवे ब्रेकर बाजारात यायचे कधी?

शिफ्ट ऑपरेटर: ताई, देखभाल म्हणणं सोपं आहे. सिंगल बसवर (सगळे फीडर जोडलेल्या एकाच वाहक पट्टीवर) फीडरचा शटडाऊन मागितला की लोड डिस्पॅचचं (ग्रिड नियंत्रण कक्षाचं) उत्तर ठरलेलं: पुढच्या महिन्यात बघू. आणि ब्रेकर अडकला की एलबीबी (अडकलेल्या ब्रेकरच्या मागचं राखीव संरक्षण) अख्खी बस पाडतं. एका लॅचपायी गावंच्या गावं अंधारात! दीड ब्रेकर स्कीम (दोन फीडरना मिळून तीन ब्रेकर) असेल तिथे आलटून पालटून ब्रेकर हलवता येतो, आमच्याकडे ती सोय नाही.

टेस्टिंगवाला: ताई, तासन्तास आणि दीड वर्ष यांत फरक आहेच ना? सिग्रे या वीजतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या 2004-07 च्या जागतिक पाहणीतही मोठ्या बिघाडांत सर्वांत मोठा वाटा ऑपरेटिंग मेकॅनिझमचाच निघाला, आर्क विझवणाऱ्या भागाचा नाही. तरी एक मान्य, वर्षभराची टाइप टेस्ट व्यवहार्य नाही. मग निदान कॉइल करंटची कायमची नोंद ब्रेकरसोबतच मागा. शटडाऊन लागत नाही, प्रत्येक ट्रिप आपोआप नोंदला जातो.

लॅबमधली: हे पटतं. पण ते खरेदीच्या स्पेसिफिकेशनमध्ये घाला, मानकात नको. आणि नोंद रोज बघणारा माणूसही नेमा.

शिफ्ट ऑपरेटर: आमच्या शिफ्टला दोनच माणसं आहेत. अलार्म थेट टेस्टिंग डिव्हिजनला जाऊ द्या.