बर्फ पडला की आभार मानावेसे वाटतात, पण कुणाचे?

पहाटवारा:
चार दिवस सलग बर्फ पडतोय. काल पहाटे दार उघडलं तर समोर एकही पाऊल उमटलेलं नाही, आवाज तर कसलाच नाही, मी फावडं हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाहीवर एक कण येऊन बसला, त्याची सहाही टोकं नीट दिसली आणि माझा श्वास लागला तसा विरघळून गेला. डोळे भरून आले एकदम. मी फार देवधर्म करणारी नाहीये पण त्या क्षणी कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले. मग दहा मिनिटं बर्फ उपसला, कंबर भरून आली आणि ते सगळं गेलंच. हे टिकवता येतं का? तुम्हाला काय अनुभव?

सावली:
ती शांतता खरीच असते हां, मनाचे खेळ नाहीत. ताज्या भुसभुशीत बर्फात ९० टक्क्यांपर्यंत हवाच असते, त्या पोकळ्या आवाज शोषून घेतात. हे कळल्यावर मला ती शांतता अजूनच जवळची वाटायला लागली. आणि सहा टोकांचं म्हणाल तर केप्लर, तोच ग्रहांच्या नियमांचा, त्यानं १६११ मध्ये नेहमी सहाच का या एका प्रश्नावर छोटंसं पुस्तक लिहून नववर्षाची भेट म्हणून दिलं होतं. पक्कं उत्तर मिळालं नव्हतं त्याला, पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जुळणीत बसतात हे फार नंतर कळलं. तरी दिलं. मला तर ती प्रार्थनाच वाटते.

डोंगरवाट:
जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मागच्या हिवाळ्यात घसरून मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तेव्हा कुणी बर्फाचं कौतुक केलं की चीड यायची, आभार काही ओढूनताणून येत नाहीत. पण शेजारचं कुणीतरी रोज मी उठायच्या आत माझ्या दारापुढची वाट मोकळी करून जायचं, अंथरुणात पडल्या पडल्या फावड्याची खरखर तेवढी ऐकू यायची. अजूनही ती खरखर कानावर आली की आपोआप हात जोडले जातात. मला जे काय सापडलं ते तिथे.

रानवेडी:
बर्फ वितळला की गवताकडे वाकून बघा एकदा. उंदरांनी केलेल्या वाटा दिसतात, नागमोडी, कुठे कुठे वाळक्या गवताची घरटी पण. जाड थराखाली माती शून्याच्या आसपास राहते, वर कितीही कडाका असू दे. म्हणजे आपण वर कुडकुडत होतो तेव्हा पायाखाली कुणाचा तरी संसार चालला होता. आई गेली त्या वर्षी मला हे पहिल्यांदा दिसलं, ओल्या गवतात कितीतरी वेळ बसून होते.

पहाटवारा:
रानवेडी, वाचून गलबलून आलं. आज परत पडलाय. शेजारच्या आजींच्या दारापुढचा आधी काढला, फावडं जरा हळूच चालवलं, त्या झोपल्या असतील म्हणून.