गॅरेजच्या दरवाज्याचं बजेट कसं धरायचं?

घरमालक: जुना दरवाजा काढून नवीन सेक्शनल (आडव्या पट्ट्यांचा, ट्रॅकवरून वर सरकणारा) बसवायचाय, दोन कोटेशनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, नक्की काय विचारू त्यांना?

टिंगूमिस्त्री: आधी बघा कोटेशनमध्ये काय काय धरलंय. जुना दरवाजा काढून नेणं, नवीन ट्रॅक, मोटर, वायरिंग हे बरेचदा वेगळं लावतात आणि मग स्वस्त वाटलेलं महाग पडतं. पत्र्याचं गेज पण विचारा, आकडा कमी तेवढा पत्रा जाड, म्हणजे २४ गेज २८ पेक्षा दणकट.

खटपट्या: स्प्रिंगवर कंजुषी नको! दरवाज्याचं वजन पेलणारी साधी टॉर्शन (पिळाची) स्प्रिंग साधारण १०,००० वेळा उघडबंद चालते, दिवसाला चारदा धरलं तर सातेक वर्षं. जास्त सायकलची, म्हणजे जास्त वेळा उघडबंद झेपणारी घेतली तर थोडेच पैसे वाढतात. आणि ती स्वतः बसवायच्या फंदात पडू नका, ताण भयंकर असतो, हात जायचा.

घरमालक: इन्सुलेशन हवंच का?

टिंगूमिस्त्री: गॅरेज घराला चिकटून असेल किंवा वर खोली असेल तर घ्या, नुसती गाडीच ठेवायची तर उगाच खर्च. बंद होताना मधे कुणी आलं तर दरवाजा थांबवणारा सेन्सर मात्र सोडू नका. बाकी ओपनिंगच्या वर जागा किती आहे ते मोजलं का? कमी असेल तर लो हेडरूमचा ट्रॅक लागतो, त्याचे पैसे वेगळे.