मदत हवी आहे: मुलाने आतून कच्चा राहिलेला बीफ बर्गर खाल्लाय, किती दिवस लक्ष ठेवायचं?

ओहायोकरीण

आम्ही कोलंबस, ओहायोला असतो. काल शनिवारी शेजाऱ्यांच्या बॅकयार्डमध्ये ग्रिलिंग होतं. साडेचार वर्षांच्या लेकाने हौसेने बर्गर मागून घेतला. पाऊणएक संपवल्यावर माझं लक्ष गेलं. पॅटी वरून मस्त काळपट झालेली, पण मधे लाल-गुलाबी, आणि दाबलं तर खिमा बोटाला चिकटत होता. उरलेला तुकडा काढून घेतला.

आता रविवार रात्र. पोरगं मजेत आहे, ताप नाही, पोट ठीक. पण मी नेटवर वाचत बसले आणि माझी झोप उडाली.

लक्षणं दिसायचीच असतील तर कधी दिसतील? उद्यापर्यंत काही झालं नाही तर सुटलो म्हणायचं का? खबरदारी म्हणून अँटिबायोटिक आत्ताच सुरू करू का? भारतातून आणलेली स्ट्रिप घरात आहे, जुलाब थांबवायच्या गोळ्याही आहेत. सासूबाई फोनवर म्हणतायत, पहिला जुलाब झाला की गोळी दे, वाट बघू नकोस. नवऱ्याचं म्हणणं, मी इतकी वर्षं स्टेक आतून लाल खातोय, मला काय झालंय?

आणखी एक. शेजारणीने प्रेमाने दोन कच्च्या पॅट्या डब्यात घालून दिल्यात. टाकू का?

(बीफ खावं की खाऊ नये यावर गाडी नेऊ नका प्लीज. त्यासाठी इथे भरपूर धागे आहेत.)

सदाफुली

इतकी घाबरू नकोस गं. दही-भात, ओआरएस, झोप. आमच्याकडे असं काही झालं की घरातलं अँटिबायोटिक तीन दिवस देतो, पोट जाग्यावर येतं.

पेट्रीडिश

सदाफुली, दही-भात चालेल, पण अँटिबायोटिक अजिबात नको. मी डॉक्टर नाही, फूड मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. त्यामुळे ओहायोकरीण, सकाळी मुलाच्या डॉक्टरांना फोन करच.

आधी हे की बहुतेक वेळा काहीच होत नाही. प्रत्येक खिम्यात जंतू नसतात. पण असलाच तर ज्याची खरी धास्ती, तो ई. कोलाय ओ१५७:एच७. तो लगेच दिसत नाही. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटात कळा आणि पातळ जुलाब सुरू होतात, क्वचित दहाव्या दिवसापर्यंत लांबतं. म्हणजे सोमवार बरा गेला म्हणून सुटलात असं नाही. साल्मोनेला त्यापेक्षा लवकर येतो, सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत, आणि त्यात बहुधा ताप असतो. ओ१५७मध्ये ताप नसतो किंवा किरकोळ असतो, पण शीमध्ये रक्त येतं. ताप नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही, हे त्यासाठी.

हा जंतू शिगा नावाचं विष तयार करतो. अँटिबायोटिक दिलं तर हे विष आणखी सुटण्याची भीती असते, म्हणून या आजारात डॉक्टर ते टाळतात. जुलाब थांबवणाऱ्या गोळीने आतडं मंदावतं आणि विष आतच राहतं. शिवाय लहान मुलांना ती गोळी तशीही मनाने देऊ नये. सासूबाईंना सांग की इथे जुलाब दाबायचे नसतात. पोट दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेनही नको, ते किडनीवर ताण आणतं.

किडनीचं एवढ्यासाठी म्हणतेय की निदान झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांमध्ये एचयूएस होतो. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घसरतात, किडनी काम कमी करते. पाच वर्षांखालच्या मुलांना धोका जास्त. आणि याची वेळ फसवी असते: जुलाब सुरू झाल्यापासून आठवडाभराने, म्हणजे नेमके जुलाब कमी होऊन घरचे निःश्वास टाकतात तेव्हा. शू कमी होणं, चेहरा पांढराफटक पडणं, मूल मलूल होणं, न लागताच निळे डाग उमटणं, यातलं काहीही दिसलं तर फोनाफोनी न करता थेट इमर्जन्सी. रक्ताची शी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि शी तपासायला देताना 'शिगा टॉक्सिनसाठीही बघा' असं आपणहून म्हण. वेळेवर दाखल केलेली बहुतेक मुलं बरी होतात, काहींना मधे डायलिसिस लागतं.

सिअ‍ॅटलचे काका

तुझ्या नवऱ्यासाठी. स्टेक म्हणजे अख्खा तुकडा. जंतू असले तर पृष्ठभागावर, ते तव्यावर मरतात. खिमा करताना वरचं सगळं आत मिसळतं, आणि एका पाकिटात अनेक जनावरांचं मांस असू शकतं. म्हणून यूएसडीए, म्हणजे अमेरिकेचं कृषी खातं, स्टेकला १४५ अंश फॅरनहाइट आणि तीन मिनिटं थांबा म्हणतं, खिम्याला मात्र १६०. यंत्राच्या सुयांनी मऊ केलेल्या स्टेकमध्येही जंतू आत ढकलले जातात, २०१६पासून तसं लेबलवर छापावं लागतं. त्याला म्हणावं, पुढच्या वेळी लेबल वाच.

आमच्या भागात हे विसरत नाहीत. १९९३मध्ये जॅक इन द बॉक्स या फास्ट फूड चेनच्या बर्गरमधून ७००च्या वर लोक आजारी पडले, चार मुलं गेली. वॉशिंग्टन राज्याने १५५ अंश सक्तीचे केले होते, तरी चेनमध्ये फेडरल १४०चाच आकडा चालू होता. त्यानंतर १९९४मध्ये कच्च्या खिम्यातला ओ१५७ हा कायद्याने भेसळ ठरला. त्याआधी कंपन्यांचा सूर 'शिजवणाऱ्याने बघावं' असाच होता.

ओहायोकरीण

पेट्रीडिश, काका, खूप आभार. आज सकाळी नर्सलाइनवर बोलले. लक्षणं नाहीत तर आत्ता तपासणी नको म्हणाल्या, पुढल्या आठवड्यातल्या मंगळवारपर्यंत शी-शू बघत राहा. घरातल्या गोळ्यांचं विचारलं तर पेट्रीडिशने सांगितलं तेच. स्ट्रिप वरच्या कपाटात गेली. सासूबाईंना नर्सचं नाव पुढे केल्यावर पटलं, माझ्यावर विश्वास नव्हता :)

शेजारणीलाही सांगितलं. ती म्हणते, पुढच्या वेळी तपकिरी होईपर्यंत भाजीन. आणि त्या पॅट्यांचं?

पेट्रीडिश

रंगावर जाऊ नका, हे तिलाही सांग. यूएसडीएच्याच म्हणण्यानुसार चारातला एक बर्गर सुरक्षित तापमानाआधीच तपकिरी होतो. उलट काही पॅट्या १६०ला पोचूनही गुलाबी राहतात. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि टोक वरून नाही, कडेने आडवं मध्यापर्यंत खुपसा. पातळ पॅटीत वरून घातलं तर टोक आरपार जाऊन ग्रिलचंच तापमान दाखवतं.

पॅट्या बाहेर टेबलावर किती वेळ होत्या? दोन तासांवर असतील तर टाक, ऊन ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर एकच तास धर. फ्रीजमध्येही कच्चा खिमा एक-दोन दिवसच, आणि फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. मी टाकल्या असत्या. डबा गरम पाणी-साबणाने धू आणि सिंकही. मुलाला जुलाब लागलेच तर हात धुण्याचं कडक ठेव आणि डेकेअर बंद. हा जंतू अगदी थोडा पोटात गेला तरी पुरतो, घरातल्या दुसऱ्याला सहज लागतो.

सदाफुली

अँटिबायोटिकचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. आपला खिमा-मटार इतका रटरट शिजतो की हा विचारच येत नाही डोक्यात. पण मग ग्रिलवरच्या सीख कबाबांना पण हेच का? आमच्याकडे येत्या रविवारी वीस माणसं आहेत.

पेट्रीडिश

हो, मटण-बीफ दोन्ही खिम्यांना १६०, चिकनच्या खिम्याला १६५. सळईपासून लांब, मांसाच्या जाड भागात टोक घाल, सळई गरम असल्याने आकडा चुकतो. आणि कच्चे कबाब ज्या ताटात आणशील त्यात भाजलेले परत ठेवू नकोस.