जुन्या पितळी मुठी-कड्यांवर पीव्हीडी: आधी काय करून घ्यायचं? (कोल्हापूर)

उंबरठा_करवीर
मंगळवार पेठेतल्या जुन्या घराची डागडुजी चालू आहे. दारांच्या १४ पितळी मुठी, ६ कडी-कोयंडे, कपाटांची नवी हँडल (दुकानदार ‘मेटल’ एवढंच सांगतो) आणि लोखंडी बिजागऱ्या, सगळ्यांना एकच फिकट सोनेरी रंग हवा आहे. बफिंग आणि प्लेटिंग (टाकीत विजेने दुसऱ्या धातूचा थर चढवणं) उद्यमनगरात करून घेईन, पीव्हीडीसाठी (निर्वात चेंबरमध्ये धातूच्या वाफेतून बसवलेला पातळ रंगीत थर) माल बाहेर पाठवायची तयारी आहे. पितळेवर पीव्हीडी थेट बसतं का? काम देताना नेमकं काय सांगायचं? पावसाळ्यातल्या ओलसर हवेत काय टिकेल?

निकेलटाकी
थेट बसवू नका. पीव्हीडी निर्वात चेंबरमध्ये होतं. तिथे तापलेल्या पितळेतलं जस्त वाफ होऊन बाहेर येतं, चेंबर खराब होतो आणि थर नीट पकडत नाही. त्यामुळे पितळेवर आधी निकेल, त्यावर क्रोम आणि मग पीव्हीडी.

रंगाचा थर जेमतेम ०.३ ते ०.५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. तो कठीण असतो: टायटॅनियम नायट्राइड विकर्स या कठीणपणाच्या मापावर २००० च्या पुढे जातं, क्रोम साधारण ८०० ते १०००. पण इतक्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रं राहतातच. ओल अडवतो तो खालचा निकेल. गिऱ्हाईक रंगाच्या नमुन्यावर तासभर घालवतं आणि निकेल किती मायक्रॉन हे विचारतच नाही, खरी गफलत तिथे होते.

चिठ्ठीवर लिहून द्या: निकेल किमान १० मायक्रॉन, रोज हात लागणाऱ्या मुठींना १५, त्यावर क्रोम ०.२५ ते ०.३, आणि जाडी हाताला लागणाऱ्या पृष्ठभागावर मोजलेली. कडेला करंट जास्त जातो, म्हणून तिथे थर जाड बसतो आणि खोबणीत पातळ. कडेवर मोजलेला आकडा फसवा असतो. निकेल-क्रोमसाठी आयएस १०६८ हे भारतीय मानक आहे, त्याचाही उल्लेख करा.

तुम्हाला हवा तो फिकट पितळी रंग झिर्कोनियम नायट्राइडचा. टायटॅनियम नायट्राइड जास्त पिवळं, गडद सोनेरी दिसतं. नायट्रोजनचं प्रमाण थोडं हललं तरी छटा बदलते, त्यामुळे सगळा माल एकाच बॅचमध्ये जाऊ द्या आणि दोन-तीन नग जास्तीचे पाठवा. पुढे एखादा बदलावा लागला तर तीच छटा पुन्हा मिळणं अवघड जातं.

ड्रिल-कटरवर कोटिंग करणाऱ्याकडे हा माल देऊ नका. टूल कोटिंग बऱ्याचदा ४०० अंशांच्या पुढे चालतं. चकाकीच्या निकेलमध्ये ब्राइटनरमधून (टाकीत चमकेसाठी घालतात ते रसायन) आलेलं गंधक असतं, त्या तापमानाला ते निकेल ठिसूळ होतं. शोभेचं पीव्हीडी साधारण १५० ते २५० अंशांत करतात. कथलाचा डाग देऊन जोडलेला नग असेल तर तोही आधीच सांगा, त्या उष्णतेत जोड सुटू शकतो.

बफव्हील
वरच्या मुद्द्यांना पूर्ण सहमत. प्लेटिंगच्या आधीचं सांगतो.

कपाटाची हँडल आधी ओळखा. आतल्या बाजूला कानशीने जरा घासा: पिवळं दिसलं तर पितळ, करडं-पांढरं दिसलं आणि चुंबक चिकटला नाही तर बहुतेक झमॅक, म्हणजे जस्ताचं कास्टिंग. खात्री हवी असेल तर वजन करून पाण्यात बुडवा. ३३० ग्रॅमचं भरीव पितळ साधारण ४० मिली पाणी सारतं, तेवढंच झमॅक ५० मिलीच्या आसपास.

झमॅकवर बफ जोरात मारू नका. कास्टिंगची वरची पातळ साल घट्ट असते, ती गेली की आतली छिद्रं उघडी पडतात. त्यात टाकीचं पाणी अडकतं आणि पीव्हीडीच्या उष्णतेत किंवा दोन-चार महिन्यांनी फोड येतात. शिवाय आम्लाच्या टाकीत झमॅक थेट घालता येत नाही, जस्त विरघळतं. आधी सायनाइड कॉपरचा (आम्ल नसलेल्या टाकीतल्या तांब्याचा) थर, मग बाकीचं. हे सगळं करून घेण्यापेक्षा कपाटाला ३०४ स्टेनलेसची (३०४ हा स्टेनलेस स्टीलचा प्रकार) हँडल आणा. त्यावर नीट पॉलिशनंतर पीव्हीडी थेट बसतं.

पितळेला जुनं लॅकर (पारदर्शक वार्निश) असेल तर पेंट रिमूव्हरने पूर्ण उतरवा. मग एमरी २२०, ३२०, ४०० (आकडा वाढेल तसं बारीक), त्यानंतर सिसल व्हील (घायपाताच्या धाग्यांचं चाक), शेवटी सुती व्हील. पीव्हीडी एकही ओरखडा झाकत नाही, उलट सोनेरी रंगात तो ठळक दिसतो. नक्षीच्या कोपऱ्यात बफिंगचं मेण राहिलं की ते सुकून दगड होतं, म्हणून त्याच दिवशी गरम साबणपाण्यात मऊ ब्रशने काढा. स्वच्छ झालं का हे बघायला नग धुऊन उभा धरा. पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट न फाटता राहिला पाहिजे, थेंब धरले तर तेल शिल्लक आहे.

मुठी रॉडमधून टर्न केलेल्या (लेथवर कातलेल्या) असतील तर त्या पितळेत २ ते ३ टक्के शिसं असू शकतं. गंधकाम्लात बुडवलं की त्यावर लेड सल्फेटचा न विरघळणारा थर बसतो आणि पुढे निकेलचे पापुद्रे निघतात. प्लेटिंगवाल्याला ‘शिशाचं पितळ आहे, फ्लुओबोरिक डिप द्या’ एवढं सांगा, त्याला कळेल.

उंबरठा_करवीर
कानस मारून बघितली, हँडल करडीच निघाली. ती परत करतो. बिजागऱ्यांचं काय? आणि मुठींच्या आट्यांवर प्लेटिंग झालं तर स्क्रू बसेल का?

कडीकोयंडा
आटे झाकून घ्या. ६० अंशांच्या आट्यावर थराच्या चौपट फरक पडतो: १५ मायक्रॉन निकेल म्हणजे पिच व्यास (आट्याच्या मधल्या उंचीवरचा व्यास) ६० मायक्रॉनने बदलला. बारीक आट्याचा स्क्रू मग अडकतो. रबरी बूच किंवा प्लेटिंगची टेप लावून द्या. नग सुटे करूनच पाठवा. कुलपाच्या स्प्रिंगा आणि रबरी वॉशर अजिबात टाकीत जाऊ नयेत: कडक स्प्रिंग हायड्रोजन शोषून पुढे अचानक तुटते.

लोखंडी बिजागऱ्यांवर खर्च करू नका, दादा. पिनेच्या फटीत आम्ल अडकतं आणि नंतर झिरपून गंजाचे डाग काढतं. शिवाय निकेलला छिद्र पडलं की खालचं लोखंडच आधी गंजतं. ३०४ च्या नव्या घ्या, त्याच बॅचमध्ये जातील.

माझं मत वेगळं एका बाबतीत आहे. कडी-कोयंडे जुने, ओतीव असतील तर ते तसेच ठेवा. बफिंगमध्ये कोरीवकाम झिजतं आणि ते पुन्हा येत नाही. साफ करून मेणाचा पातळ हात द्या, काळपट झालं की परत घासता येतं. त्यांच्यावर लॅकर मात्र नको: हात लागेल तिथे ते उडतं आणि कडेने आत काळे डाग पसरतात.

फरशी आम्लाने धुऊन, घर दोन-तीन दिवस उघडं ठेवल्यावरच सगळं बसवा. त्या आम्लाची वाफ बंद खोलीत निकेल-क्रोम एका रात्रीत डागाळते. नंतर रोजच्या पुसण्याला साध्या साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बास. पीव्हीडीवर चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर लावायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.