डोंगराखालचे लक्ष्य: बॉम्ब जड हवा की माहिती पक्की?

सरळरेघ:
'पुरेसा जड बॉम्ब असला की जमिनीखाली कोणीही सुरक्षित नाही' हे रणवेध यांचे कालचे विधान वाचून गप्प राहणे अशक्य झाले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या बी-२ विमानांनी इराणच्या फोर्डो या डोंगराखालच्या अणुकेंद्रावर प्रत्येकी सुमारे साडेतेरा टनांचे १२ बॉम्ब टाकले, पण त्यांचा नेम हवा खेळती ठेवणाऱ्या दोन विवरांवर होता. पहिल्या बॉम्बने विवरावरचे काँक्रीटचे झाकण उडवायचे आणि मागून येणाऱ्यांनी तिथूनच आत शिरायचे, अशी ती योजना होती. डोंगराची कच्ची जागा वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून ठाऊक नसती, तर एवढ्या वजनाचे काय केले असते?

रणवेध:
जागा ठाऊक असूनही हलका बॉम्ब तिथे टाकून काय साधले असते? जून १९४४ मध्ये ब्रिटिशांच्या पाच टनांहून जड टॉलबॉय बॉम्बांपैकी एक फ्रान्समधील सोम्यूरच्या टेकडीतून थेट रेल्वे बोगद्यात जाऊन फुटला. १९९१ मध्ये इराकचे खोल बंकर हाती लागेनात, तेव्हा अमेरिकेने जुन्या तोफांच्या नळ्या कापून घाईने जीबीयू-२८ हा जमीन भेदणारा बॉम्ब तयार केला. ही गरज वजनाचीच होती.

सुरुंगवाला:
बोगद्यांच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून बोलतो. भूगर्भ अहवालात 'अभंग खडक' लिहिलेल्या ठिकाणी आम्हाला भेगा आणि पाणी लागले, छत खाली आले, आणि अहवाल लिहिणारे साहेब मात्र कार्यालयात सुखरूप होते. खडकात आत काय आहे हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाही नीट सांगता येत नाही. उपग्रहाची छायाचित्रे पाहून खात्री देणाऱ्यांचे मला म्हणूनच कौतुक वाटते.

सरळरेघ:
आणि आत कोण आहे, हे? १३ फेब्रुवारी १९९१ रोजी बगदादच्या अमिरिया निवाऱ्यावर दोन बॉम्ब अगदी अचूक पडले. अमेरिकेच्या लेखी ते लष्करी नियंत्रण केंद्र होते. मेले ते आसऱ्याला आलेले ४०० हून अधिक नागरिक.

रणवेध:
चर्चा शस्त्रांची चालली असताना मृतदेह मध्ये आणून समोरच्याचे तोंड बंद करण्याची ही पद्धत मला मान्य नाही. अमिरियात चूक हेरखात्याची होती, बॉम्बची नव्हे.

सरळरेघ:
वा! दोन दिवस मी वेगळे काय सांगत आहे?

सुरुंगवाला:
अमिरियाला चूक म्हणून मोकळे होता येत नाही. छत भेदून आत फुटणाऱ्या बॉम्बपुढे निवाऱ्याच्या जाड भिंती आतल्यांसाठीच सापळा ठरतात, हे बंद जागेत सुरुंग उडवणाऱ्या कोणालाही विचारा. लक्ष्य ठरवणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते, असे मी मानणार नाही.

तिसरा पर्याय:
आपण दोघे आकाशातूनच का पाहता? सप्टेंबर २०२४ मध्ये सीरियातील मसयाफचा भूमिगत क्षेपणास्त्र कारखाना इस्रायलच्या कमांडोंनी आत उतरून स्फोटके लावून उडवला. इराणच्या नतांझ अणुकेंद्रात तर स्टक्सनेट या संगणक विषाणूने एकही स्फोट न करता युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रे निकामी केली. अण्वस्त्राचा पर्याय काढूच नका. ते जमिनीत शिरून फुटले तरी किरणोत्सर्ग बाहेर येणारच.

रणवेध:
मसयाफ मान्य, आपला विजय असो. मात्र तिथून कमांडो काही तासांत परतले. फोर्डोसारख्या ठिकाणी उतरायचे, तर आधी हवाई संरक्षण मोडावे लागेल आणि मग डोंगराभोवती फौज रोखून धरावी लागेल. ती कोणाची, हेही सांगून टाका.

सरळरेघ:
तेवढी फौज कोणीही पाठवणार नाही, हे खरे. परंतु हल्ल्यापूर्वी इराणकडे ६० टक्के समृद्ध केलेले सुमारे ४४० किलो युरेनियम होते, आणि हल्ल्यानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना त्याची पडताळणी करता आली नाही. ते हलवले गेले की गाडले गेले, हे आपला साडेतेरा टनांचा बॉम्ब कसे सांगणार?