पालीला पापणी आहे की नाही?

पाकोळी: मुलांच्या मासिकासाठी एक लेख मराठीत आणतेय. 'पालीला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तो ती जिभेने साफ करते' असं लिहिलं. संपादकांचा शेरा: 'पापण्या म्हणजे केस. ते पालीला नसतातच, वेगळं काय सांगायचं?' माझ्या मते पापणी म्हणजे मिटते ती. शिवाय त्या खवल्याला इंग्रजीत 'स्पेक्टॅकल' म्हणतात. 'चष्मा' लिहू का?

बोरूबहाद्दर: पापणी लवते, पापणीला पापणी लागत नाही. केस कुठे लवतात? 'लांबसडक पापण्या' म्हणताना मात्र केसच असतात, तेव्हा संपादकही अगदीच चूक नाहीत. चष्मा नको. काढून ठेवता येतो तो चष्मा. 'नेत्रकवच' लिहा.

तळटीप: नेत्रकवच वाचून मुलं लढाईला निघालेली पाल काढतील. आणि निघत नाही कोण म्हणतं? कात टाकताना त्या खवल्याचा वरचा थर कातीबरोबर निघून येतो. सापाचंही तसंच. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ होतात ते उगाच नाही.

मुंगूस: शब्दाचं नंतर बघू, आधी वाक्य तपासा. अंड्यात गर्भ वाढत असताना पापण्या एकमेकींना जुळतात आणि पारदर्शक होतात, तोच हा खवला. म्हणजे पाल जन्मभर पापणी मिटून बघते! आतल्या बाजूला आसवांचा पातळ थर असतो, म्हणून डोळा सुकत नाही. धूळ बसते ती बाहेरून, आणि तिथे लवायला काही उरलेलं नाही म्हणून जीभ. लेपर्ड गेकोच्या कुळात मात्र हलत्या पापण्या शाबूत आहेत. त्यांच्या 'युब्लेफारिस' नावातच ग्रीक 'ब्लेफारॉन' आहे, म्हणजे पापणी. तेव्हा 'पालीला' नको, 'बहुतेक पालींना' लिहा.

उंबरठा: या खवल्याला 'ब्रिल'ही म्हणतात. जर्मन शब्द, अर्थ चष्माच. तो आला बेरिल या रत्नावरून, बेरिल ग्रीकमधून, आणि ग्रीकमध्ये गेला आपल्या प्राकृत 'वेरुलिय'वरून. संस्कृतात वैडूर्य. घरचाच शब्द आहे, घ्या की!

बोरूबहाद्दर: मराठीत वैडूर्य म्हणजे लसण्या, मांजराच्या डोळ्यासारखा खडा. पालीच्या डोळ्यात मांजर कशाला घुसवता? त्यापेक्षा 'अनिमिष' बघा. देव अनिमिष, मासे अनिमिष. स्वयंवरात दमयंतीने नळाला ओळखलं ते त्याची पापणी लवत होती म्हणूनही.

तळटीप: पाल असती तर माळ देवाच्या गळ्यात पडली असती.

पाकोळी: लेख उद्या द्यायचाय. 'जुळलेली पारदर्शक पापणी' लिहितेय. पुढचं वाक्य: 'उजेडात पालीचं बुबुळ बारीक होऊन उभी फट उरते.' हे तरी ठीक?

मुंगूस: बुबुळ नाही, बाहुली. टोके गेकोमध्ये तर फटही मिटत येते आणि एकाखाली एक चार बारीक भोकं उरतात.

बोरूबहाद्दर: आमच्याकडे त्या काळ्या ठिपक्यालाच बुबुळ म्हणतात.

मुंगूस: मग 'घारी बुबुळं' कशाला म्हणता? ठिपका कधी घारा असतो का?

उंबरठा: बाहुलीवरून आठवलं, संस्कृत 'कनीनिका' म्हणजेही छोटी मुलगीच. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलं रूप दिसतं ना!

बोरूबहाद्दर: ते असू दे. घाऱ्याचं उत्तर देतो, जरा थांबा.